त्रेपन्न सालचं जुनं शहर : कोल्हापूरच्या एका गटाची वॉर्सा भेट

मध्य युरोपच्या सहलीत आपल्याकडच्या प्रवासी कंपन्या बहुधा प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असं त्रिकूट लावतात. पोलंड आलंच तर क्राकूवपर्यंत. वॉर्सा वाढवलं की बसचा तीनशे किलोमीटरचा पल्ला वाढतो, हॉटेलचा खर्च वाढतो, आणि परत आल्यावर निम्मी माणसं विचारतात, "तिथं बघण्यासारखं काय होतं?" कोल्हापूरच्या या सव्वीस जणांच्या गटानं मात्र पैसे भरायच्या आधीच अट घातली होती की बुडापेस्ट गाळा, पण वॉर्सा पाहिजेच. कारण एकच, कोल्हापूरजवळचं वळिवडे.

मी या सहलीत नव्हतो. सहल-व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांसाठी प्रसंग गोळा करताना हा हाती लागला. टूर लीडरची वही, छापील कार्यक्रमपत्रिका आणि परत आलेल्या आठ-दहा जणांशी झालेल्या गप्पा, एवढ्यावर हे टिपण उभं आहे. कंपनीचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

गट

वळिवड्याची गोष्ट कोल्हापुरात बऱ्याच जणांना अर्धीमुर्धी माहीत असते. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथकं, सगळं छावणीतच. त्या दिवसांचं स्मारक महावीर उद्यानात आहे. छावणीतली मंडळी गेल्यावर त्याच जागी फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर वसलं. आज घाऊक कापडासाठी आख्खा पश्चिम महाराष्ट्र तिथं जातो, पण ज्या बराकींत ही बाजारपेठ सुरू झाली त्या कुणासाठी बांधल्या होत्या, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. २०१९ साली छावणीत लहानपण गेलेली काही पोलिश मंडळी कोल्हापूरला येऊन गेली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिल्याची बातमी आली. गटाची कल्पना त्या बातमीतून निघाली.

गटात कोण कोण होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. इतिहासाच्या एक निवृत्त शिक्षिका. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. गुजरीतले एक सराफ आणि त्यांच्या पत्नी. गांधीनगरचं एक सिंधी जोडपं, मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलणारं. सैनिक टाकळीचे एक माजी सुभेदार. आणि हौशी रंगभूमीवर आयुष्य घालवलेले एक गृहस्थ. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा रस्त्यावर उभं राहून रडणाऱ्यांत ते होते. शाहू महाराजांनी उभारलेलं हे थिएटर "होतं तसंच" बांधा ही मागणी गावातून लगेच आली होती, आणि "तसंच" म्हणजे नेमकं कसं यावर सहलीच्या बसमध्येसुद्धा वाद चालू होता.

टूर लीडर कोल्हापूरचीच, तिशीतली. ज्येष्ठ मंडळी तिला "बाळ" म्हणायची, रागावली की "मॅडम".

छापलेलं आणि दिसलेलं

कार्यक्रमपत्रिकेत वॉर्सासमोर छापलं होतं: "तेराव्या शतकातल्या जुन्या वॉर्साच्या गल्ल्यांतून फेरफटका." यात सरळसरळ खोटं काही नाही. स्तारे म्यास्तो, म्हणजे तिथलं जुनं शहर, तेराव्या शतकाच्या अखेरीस वसलं. गल्ल्या त्याच जागी आहेत. फक्त त्या गल्ल्यांतली जवळजवळ प्रत्येक भिंत दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे, एवढं लिहायचं राहिलं होतं.

त्यात भर पडली क्रमाची. वॉर्साच्या आधी गट क्राकूवला होता. क्राकूव युद्धातून जवळपास जसंच्या तसं वाचलं. वावेलचा राजवाडा, मोठा चौक, मारियाच्या चर्चमधली पंधराव्या शतकातली लाकडी वेदी, सगळं बघून झालं होतं. वेदी जर्मनांनी न्युरेंबर्गला पळवली होती आणि युद्धानंतर ती परत आली, हे ऐकून सराफकाकांनी तिची किंमत किती होईल असंही विचारलं होतं. १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी निघाली त्यात हे शहर होतं. असं अस्सल पाहून, सकाळभर बसमध्ये बसून, सोमवारी दुपारी ही मंडळी वॉर्साच्या राजवाडा चौकात सिगिस्मुंडच्या खांबाखाली उभी राहिली.

स्थानिक गाइड बाई हुशार होत्या. त्या इंग्रजीत सांगत, आपली लीडर मराठीत. राजे झाले, राजधानी क्राकूवहून इकडे कशी आली ते झालं, आणि मग गाइडनं पिशवीतून एक मोठा फोटो काढला. १९४५ सालचा. याच चौकाचा. फोटोत शहर नव्हतं, विटांचे ढीग होते. खांबसुद्धा आडवा.

सराफकाकांनी विचारलं, "मग हे समोरचं कधीचं?"

समोरच्या घरांच्या मागे बाजार चौक आहे. तो पुरा होऊन २२ जुलै १९५३ ला खुला झाला, असं गाइड म्हणाल्या. राजवाडा तर त्याहून अलीकडचा, १९७१ ला काम सुरू होऊन १९८४ मध्ये लोकांना खुला झालेला.

"मी बावन्नचा," काका म्हणाले. "हे त्रेपन्नचं. म्हंजे माझ्यापेक्षा धाकटंच की ओ!"

सगळे हसले. पण दोन मिनिटांत हसण्याचा सूर बदलला. "बावीस कॅरेट सांगून गिलिटाचा दागिना दिल्यासारखं झालं हे, मॅडम." मागून कुणीतरी म्हणालं, असलं तर हैदराबादच्या फिल्मसिटीतबी बघायला मिळतं, त्याला शेंगेन व्हिसा कशाला. अभियंता साहेब तोवर भिंतीला हात लावून आले आणि म्हणाले, विटा एका भट्टीतल्या नाहीत, रंग दोन-तीन तऱ्हेचे आहेत.

लीडरच्या वहीत त्या संध्याकाळच्या पानावर एवढंच आहे: "गट हातातून गेला."

तिच्यापुढचे रस्ते

अशा वेळी धंद्यात रूढ उपाय दोन. पहिला, विषय बदलायचा. गटाला लवकर मोकळं सोडायचं, खरेदीला न्यायचं, रात्रीच्या जेवणात गोड वाढवायचं. दुसरा, गाइडला आणखी बोलायला लावायचं. दोन्ही इथं फुकट गेले असते. पहिल्यात माणसं फसवणुकीची भावना घेऊन झोपतात आणि सकाळी ती दुप्पट होते. दुसऱ्यात अडचण अशी की गाइडनं काहीच लपवलं नव्हतं. ज्याला राग आलाय त्याला तीच माहिती मोठ्या आवाजात सांगून उपयोग नसतो.

तिनं हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांना बसवलं आणि साधं बोलली. "काका, इथल्या लोकांनी तुम्हाला फसवलेलं नाही. आपल्या कागदावर अर्धंच छापलंय. उद्या सकाळी ठरल्याप्रमाणे वाझ्येंकीची बाग आणि शोपँचा पुतळा आहे. त्याऐवजी हे शहर बांधलं कसं ते बघायचं असेल तर मी गाइडचे तास वाढवून घेते. ज्यांना बागच बघायची त्यांना बागच मिळेल."

ही शेवटची ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. छापील कार्यक्रम हा करार असतो. बहुमतानं तो मोडता येत नाही, भले बदललेला कार्यक्रम शंभर पटींनी चांगला असो. नऊ जणांनी बाग निवडली, सतरा जणांनी शहर.

तिला खरं तर वॉर्सा उठावाचं संग्रहालय दाखवायचं होतं. १ ऑगस्ट १९४४ ला पोलिश भूमिगत सेनेनं शहरात उठाव केला, तो ६३ दिवस चालला, आणि तो मोडल्यावर जर्मनांनी शहर ठरवून, घर-घर करून जाळलं आणि सुरुंगांनी उडवलं. नदीपलीकडे सोव्हिएत फौज येऊन थांबली होती, ती आत आली १७ जानेवारी १९४५ ला. लढाईत पडलेलं शहर वेगळं आणि लढाई संपल्यावर शिल्लक घरं शिस्तीत पाडलेलं शहर वेगळं. हा फरक कळल्याशिवाय पुढच्या बांधकामातली जिद्द कळत नाही, आणि तो त्या संग्रहालयात नीट कळतो. पण दुसरा दिवस मंगळवार होता आणि मंगळवारी ते बंद असतं. कार्यक्रम आखणाऱ्याला कोल्हापुरात बसून पाच मिनिटांत कळलं असतं. युरोपात सोमवार-मंगळवारच्या सुट्ट्या न बघता मुक्काम लावणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

गाइडनं दुसरी जागा सुचवली. बाजार चौकामागे ब्झोझोवा रस्त्यावर एक छोटं केंद्र आहे, जुनं शहर पुन्हा कसं उभं राहिलं एवढ्यापुरतंच. चौकात येणाऱ्या बहुतेक पर्यटकांना ते दिसतही नाही.

मग प्रश्न उरला, लीडरनं कुणाबरोबर जायचं? माझ्या वर्गातली मुलं हमखास सांगतात, मोठ्या गटाबरोबर. ती बागेला गेलेल्या नऊ जणांबरोबर गेली. तिचं म्हणणं, ज्यांनी छापलेलं मागितलं त्यांचा लीडरवर पहिला हक्क. शिवाय ती वाट बसची होती, आणि बस म्हटली की ड्रायव्हरचे तास आले. युरोपात त्याची विश्रांती पुरी झाल्याशिवाय गाडी हलत नाही, तिथं आपलं "जरा आधी काढा की" चालत नाही. जुन्या शहराकडचे सतरा जण पायीच होते, त्यांच्याबरोबर गाइड होत्या, आणि गाइडचं इंग्रजी मराठीत आणायचं काम शिक्षिकाबाईंनी उचललं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई, त्यांना सतरा माणसं म्हणजे काय! दुपारी बारा वाजता क्राशिन्स्की बागेपाशी दोन्ही तुकड्यांनी भेटायचं ठरलं.

मंगळवारची सकाळ

ब्झोझोवा रस्त्यावरच्या त्या तळघरवजा दालनांत सराफकाका सगळ्यांत पुढे होते. तपासायला आलो होतो, असं तेच सांगतात.

तिथं जे कळलं त्यातली कागदांची गोष्ट अभियंता साहेब आजही भेटेल त्याला ऐकवतात. युद्धाआधी वॉर्सा पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकलेचे विद्यार्थी जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे काढत. तो अभ्यासाचा भाग होता, रटाळ म्हणावा असा. खिडकीची उंची, कमानीची गोलाई, जिन्याच्या पायऱ्या. जर्मन ताब्यात शहर असताना हे काम चोरून चालू राहिलं. शहर जाळायला सुरुवात झाली तेव्हा वास्तुविशारद यान झाखवातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कागद शहराबाहेर काढले आणि पिओत्रकूवच्या एका मठात लपवले. फेब्रुवारी १९४५ मध्ये राजधानी पुनर्बांधणीचं कार्यालय उघडलं, ऐतिहासिक इमारतींचा विभाग झाखवातोविच यांच्याकडे आला, आणि विटांच्या ढिगाऱ्यावर हे नकाशे उलगडले गेले. जोडीला अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तोनं काढलेली वॉर्साची चित्रं होती, इतकी बारकाव्यांनी भरलेली की कुठल्या घराला कुठली पट्टी हे त्यांवरून ताडता आलं. त्या कार्यालयाच्या दप्तराला २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत जागा मिळाली.

इथं नाटकवाले गृहस्थ पहिल्यांदा बोलले. "आपल्या थिएटरची अशी मोजमापं आगीच्या आधी कुणी काढून ठेवली होती काय?" कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. अभियंता साहेब म्हणाले, खात्यात कायतरी असंल. नाटकवाले म्हणाले, कायतरी नको, विंगेतल्या लाकडी जिन्याची तिसरी पायरी किती उंच होती ते पाहिजे.

विटांचा प्रश्नही सुटला. ढिगाऱ्यातल्या धड विटा निवडून साफ केल्या गेल्या, पण त्या पुरेनात. मग पश्चिमेकडच्या व्रोत्सवाफ, श्चेचिन अशा शहरांतून विटा आल्या. ही शहरं १९४५ पर्यंत जर्मनीची होती, युद्धानंतर पोलंडकडे आली आणि ती स्वतःही पडलेलीच होती. राजधानीसाठी तिथल्या इमारतींच्या विटा उचलल्या गेल्या. दोन-तीन रंगांच्या भिंतीत एवढं राजकारण चिणलेलं होतं. "सारं राष्ट्र आपली राजधानी बांधतंय" ही तेव्हाची घोषणा. तिच्यात उत्साह होता, सक्तीही होती. ऑक्टोबर १९४५ च्या एका फर्मानानं वॉर्सातली सगळी जमीन सरकारजमा झाली, आणि मूळ मालकांच्या वारसांचे दावे त्यानंतर कित्येक दशकं चालत राहिले. "आपल्याकडं असं फर्मान निघालं असतं तर?" असं शिक्षिकाबाईंनी विचारल्यावर गुजरीच्या सराफकाकांकडून काही उत्तर आलं नाही.

बाहेर आल्यावर काकांनी गाइडला आव्हान दिलं, यातलं खरं जुनं काय आहे तेवढंच दाखवा. गाइड खूश झाल्या. त्यांनी दगडी चौकटी दाखवल्या, नव्या भिंतीत बसवलेले जुने तुकडे दाखवले, तळघरांबद्दल सांगितलं. मग एका घराच्या बोळातून मागच्या अंगणात नेलं. पुढून सतराव्या शतकाचा थाट, मागं साधे फ्लॅट आणि हिरवळ. युद्धाआधी या अंगणांत दाटीवाटीनं खोल्या होत्या, अंधार आणि ओल. त्या परत बांधल्याच नाहीत, मुद्दाम. दर्शनी भिंतींवरची रंगीत चित्रकारी तर १९५३ च्या चित्रकारांची, त्यांच्या मनातली.

सेंट जॉनचं कॅथेड्रल हा तर कळस. युद्धाआधी त्याचं तोंड एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वळणाचं होतं. पुन्हा बांधताना ते टाकून दिलं आणि त्या भागातल्या जुन्या विटकाम शैलीत नवं तोंड रचलं. म्हणजे "होतं तसं" बांधलं असं जे सांगतात, तिथंही आधी कुठलं "होतं" हे कुणीतरी ठरवलेलंच असतं. बाजूच्या भिंतीत एका जर्मन स्फोटक-गाडीची लोखंडी साखळी बसवून ठेवलेली आहे. सुभेदार साहेबांनी तिचे सांधे मोजले. नाटकवाले आणि अभियंता साहेब यांचं तिथंच जुंपलं. एकाचं म्हणणं, मग आपल्या थिएटरमध्येही आवाजाची, खुर्च्यांची सुधारणा करून घ्यावी. दुसऱ्याचं, एकदा सुधारणा म्हटलं की ठेकेदार थिएटरचं मल्टिप्लेक्स करून ठेवील.

राजवाड्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळापाशी मात्र काका गप्प झाले. १७ सप्टेंबर १९३९ ला बॉम्बगोळ्यांनी राजवाडा पेटला तेव्हा ते सव्वाअकराला थांबलं होतं. १९ जुलै १९७४ ला ते पुन्हा चालू केलं, सव्वाअकरालाच. राजवाडा सरकारी तिजोरीतून उभा राहिलेला नाही, देशातल्या आणि परदेशांतल्या पोलिश लोकांच्या देणग्यांतून उभा राहिला. काकांनी विचारलं, देणग्यांचा हिशेब छापला होता का? गाइडनं अशा प्रश्नाची अपेक्षा केली नव्हती. लोकांनी पैसे कामाच्या जागी ठेवलेल्या पेट्यांत टाकले, एवढं त्यांनी सांगितलं. काका म्हणाले, "मग हे गिलिट न्हाई."

इथं माझं मत नोंदवतो. काकांचा सोमवारचा राग योग्यच होता आणि मंगळवारचा निर्णयही. युनेस्कोनं १९८० साली हे शहर यादीत घेतलं ते मध्ययुगीन शहर म्हणून नव्हे. जवळजवळ संपूर्ण पुनर्बांधणीचा असामान्य नमुना म्हणून घेतलं. शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक ऐतिहासिक भाग नष्ट झाला होता. यादी करणाऱ्यांना जी गोष्ट मोलाची वाटली तीच आपल्या कार्यक्रमपत्रिकेनं दडवली आणि जी तिथं नाही ती विकली. बोस्नियातल्या मोस्तारच्या पुलाचंही हेच आहे. १९९३ मध्ये पाडलेला, २००४ मध्ये पुन्हा बांधलेला. त्याला "सोळाव्या शतकातला पूल" म्हणून दाखवणारा गाइड पर्यटकाला पुलाची अर्धीच गोष्ट देतो.

कोल्हापूरची पाटी

बारा वाजता दोन्ही तुकड्या भेटल्या. बागवाले गुलाबांचे फोटो घेऊन खुशीत होते.

क्राशिन्स्की बागेच्या कडेला मोन्ते कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आहे आणि त्याच्या शेजारी वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृती जपणारं छोटं स्मारक. "कोल्हापूर" हे नाव वाचल्यावर पुढची दहा मिनिटं फोटोंचीच होती. लीडरनं ती होऊ दिली. मग बाईंनी विचारलं, इटलीतल्या लढाईच्या स्मारकाशेजारी आपलं गाव कसं काय?

उत्तर त्या रस्त्याच्या नावातच होतं, जनरल आंदेर्स. सोव्हिएत युनियननं १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली होती. १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत युनियनवर हल्ला केल्यावर करार झाला, त्यांची सुटका झाली आणि आंदेर्सनं त्यांतून फौज उभी केली. १९४२ मध्ये फौज इराणमध्ये उतरली, तिच्या पाठोपाठ बायकामुलं. पुरुष पुढे इटलीत गेले, मे १९४४ मध्ये मोन्ते कॅसिनोचा मठ त्यांनी घेतला. बायकामुलांतली बरीच हिंदुस्थानात आली, जामनगरजवळ बालाचडीला आणि मग वळिवड्याला. वळिवड्यातली आई ज्याच्या पत्राची वाट बघत होती तो कॅसिनोच्या डोंगरावर लढत होता. दोन स्मारकं शेजारी आहेत ती यामुळे. सुभेदार साहेबांनी त्यात आपली भर घातली, त्याच कॅसिनोला चौथी हिंदी डिव्हिजन आधी लढून रक्तबंबाळ झाली होती, आणि इटलीतच जुलै १९४४ मध्ये गाजवलेल्या पराक्रमासाठी मराठा पलटणीच्या यशवंत घाडगेंना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

यानंतर गांधीनगरच्या काकू बोलल्या. त्यांच्या सासूबाई सिंधमधून आल्या तेव्हा त्यांना बराकीत खोली मिळाली होती. आधीच्या माणसांनी दाराबाहेर फुलांचे वाफे केले होते, असं सासूबाई सांगायच्या. पुढं काकूंनी विचारलं, "मग ती माणसं परत इथंच आली ना? हे शहर त्यांच्यासाठीच बांधलं असणार."

गटातल्या जवळजवळ सगळ्यांची समजूत हीच होती, आणि ती चुकीची आहे. छावणीतली बहुतेक कुटुंबं पूर्वेकडच्या प्रांतांतली. युद्धानंतर पोलंडची सीमाच पश्चिमेला सरकली, ते प्रांत सोव्हिएत युनियनमध्ये गेले. आज ते युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहेत. घराकडे जाणारी वाटच राहिली नाही, त्यामुळे वळिवडे सुटल्यावर कितीतरी जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे गेले. काही पोलंडला गेले, पण नव्या, अनोळखी गावांत. वॉर्सा त्यांचं शहर क्वचितच होतं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सिंधसारखंच झालं की मग."

अशी माहिती निघण्याआधी मिळायला हवी होती. काही जणांना छावणीत वाढलेल्या एखाद्या आजींना भेटायचं होतं. तेही जमलं नाही. १९४२ ते १९४८ दरम्यान भारतात राहिलेल्या पोलिश मंडळींची संघटना आहे, पण आता उरलेली माणसं ऐंशी-नव्वदीतली. आठवडाभर आधी फोन करून सव्वीस माणसांसाठी चहाला बोलवा म्हणणं बरं नव्हे. सहा महिने आधी पत्र, आणि भेटायला तिघं-चौघंच, एवढंच शोभतं.

मुरानूव

तिथून मुरानूव जवळ आहे. युद्धाआधी इथं ज्यू वस्ती, मग जर्मनांनी भिंत घालून केलेली घेट्टो, चार लाखांहून जास्त माणसं तीत कोंडलेली. घेट्टोतल्या ज्यूंच्या १९४३ च्या उठावानंतर तिचा पार चुराडा झाला. हा भाग होता तसा बांधला नाही. ढिगारा इतका होता की तो हलवण्याऐवजी त्याच्यावरच नवी वसाहत उभारली, ढिगाऱ्याच्याच ठोकळ्यांची. अजूनही काही इमारतींना रस्त्यावरून पायऱ्या चढून जावं लागतं, त्या पायऱ्यांखाली जुनी घरं आहेत.

बाई विचारत होत्या की राजांचा चौक विटेविटेनं परत आला आणि ही गल्ली का नाही. परत यायला जी माणसं हवीत तीच उरली नव्हती, हे एक उत्तर. नव्या सरकारला कामगारांची वसाहत हवी होती, हे दुसरं. पण पाय दुखत होते, दोन वाजून गेले होते, जेवणाची वेळ टळली होती आणि शेजारचं ज्यू इतिहासाचं संग्रहालयही मंगळवारी बंदच. विषय तिथंच राहिला. या भेटीतला सगळ्यांत अवघड भाग सगळ्यांत थकलेल्या तासात आला, आणि हा दोष लीडरचा नाही, आखणीचा आहे.

हिशेब

गाइडचे वाढीव तास कंपनीनं सोसले, थोडी कुरकुर करून. अभिप्रायाच्या कागदांवर सतरापैकी बहुतेकांनी वॉर्साला सहलीतला सर्वांत लक्षात राहिलेला मुक्काम म्हटलं. एकानं लिहिलं, "पाय गेले." बागेच्या नऊपैकी दोघांनी तक्रार केली की आम्हाला ब्झोझोवाचं केंद्र दाखवलंच नाही. निवड त्यांचीच होती, तरी तक्रार वाजवी वाटते. काय निवडतोय हे सोमवारी रात्री लॉबीत दमलेल्या माणसाला कसं कळणार?

अभियंता साहेब आणि नाटकवाले परतल्यावर वास्तुकलेच्या काही मुलांना घेऊन शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याची मोजमापं काढू लागले. थिएटरवरचा त्यांचा वाद मिटलेला नाही.

कंपनीनं पुढच्या हंगामासाठी तीन बदल मान्य केले. क्रम उलटला, आधी वॉर्सा आणि नंतर क्राकूव. वॉर्सात बुधवारी उतरायचं. आणि १९४५ चा तो फोटो कोल्हापुरातच, निघण्याआधीच्या बैठकीत दाखवायचा, म्हणजे ज्याला नको असेल त्यानं तेव्हाच बुडापेस्ट निवडावं. वॉर्सात एक रात्र वाढवायची लीडरची मागणी मात्र हॉटेलच्या दरामुळे फेटाळली गेली. त्यामुळे उठावाचं संग्रहालय की मुरानूव, यांतलं एकच बसतं. ते ठरवायचं काम त्याच बैठकीवर सोडलंय. पहिल्या बैठकीत मतं समसमान पडली, आणि दुसरी गणपतीनंतर आहे.